शेजारच्या वायनातले पोहे

आमच्या वाडीत दिवाळी आधी कानांना कळायची, डोळ्यांना मागाहून. आश्विन सरत आला, हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापून झालं, की एखाद्या सकाळी कोणाच्या तरी पडवीतून धप्प-धप्प आवाज सुरू व्हायचा. वायन म्हणजे जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. भात दोन दिवस भिजवायचं, खापरात भाजायचं आणि गरम आहे तोवर वायनात ओतून दोघींनी समोरासमोर उभं राहून मुसळांनी कुटायचं. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. पोहे एकटीला कुटता येत नाहीत. भात निवलं की पोहा होत नाही, चुरा होतो. म्हणून प्रत्येक घराची जोडी ठरलेली असायची. माझ्या आईची जोडी शेजारच्या गोदाकाकीशी. दोघींचा हात इतका बसलेला, की कुटता कुटता भांडायच्या, पण ठोका चुकायचा नाही. आमच्याकडे त्या वेळी लाडू-करंज्यांचं फार प्रस्थ नव्हतं. दिवाळी म्हणजे पोहे. गुळाचे, ताकातले, नारळाच्या रसातले. पोह्याला भाजक्या भाताचा वास यायचा, तो आता दुकानातल्या पिशवीत येत नाही. असो.

बाप मला आठवत नाही. मी रांगत होतो तेव्हा पटकीत गेला. घरात आई, दादा आणि मी. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, नाव यशवंत, आई यशा म्हणायची. तो गलबतावर खलाशी होता. पावसाळा सोडून वर्षभर दर्यात, घरी आला की अंगाला गलबताला लावतात त्या तेलाचा वास. त्याच्या टाचा अशा फुटलेल्या, की आई म्हणायची, "तुझ्या टाचांत भात पेरलं तर उगवेल." त्या वर्षी वैशाखात, दर्या बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला, त्यांचं गलबत मंगळूरहून कौलं भरून निघालं आणि रत्नागिरीला आलं नाही. कुठेच आलं नाही. मोठं वादळ झालं होतं एवढंच कळलं. फळकूट मिळालं नाही, माणूस मिळालं नाही.

प्रेत मिळालं असतं तर रडून मोकळे झालो असतो, असं मी आता म्हणतो. तेव्हा काही वेगळंच होतं. प्रेत नाही म्हणून सुतक नाही. भटजी म्हणाले, बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. म्हणजे बारा वर्षं दादा मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही. आईने आपला निकाल केव्हाच लावून टाकला होता. ती रोज त्याचं पान वाढायची. भात, वर कुळथाचं पिठलं, एक मीठमिरची. आमचं जेवण झालं की ते पान झाकून ठेवायची आणि सकाळी शिळं स्वतः खायची. दुसरं काही खायची नाही. पावसाळाभर त्यावर ती जगली, आणि आश्विनात तिच्या दंडातला ताईत कोपरापर्यंत खाली घसरायला लागला. मी सोळा-सतरा वर्षांचा. मला दादाचं काय वाटतं हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की एक गेला तो गेला, त्याच्या पानामागून ही पण चालली.

पाऊस संपल्यावर मी वर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरच्या एका आंब्याच्या बागेत गवत कापायला लागलो. तिथला राखणदार पोमामा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी आणून रत्नागिरीत ठेवलं होतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. राजा इथेच वारला, त्याची माणसं पांगली, काही परत गेली. त्या लोकांबरोबर आलेला हा एक पाणक्या मागे राहिला. नाव काहीतरी लांबलचक होतं, लोकांनी त्याचं पो केलं आणि वर मामा चिकटवला. डोळे बारीक, दाढीचे मोजून अकरा केस, कमरेला लुंगी. चाळीसच्या वर वर्षं रत्नागिरीत काढलेली, त्यामुळे शिव्या आमच्यासारख्या द्यायचा, पण बाईला पुरुष आणि पुरुषाला बाई करायचा. माझी आई न म्हणता माझा आई म्हणायचा.

दुपारी भाकरी खाऊन झाली की हा विहिरीच्या काठावर एका चिऱ्यावर मांडी घालून बसायचा. डोळे अर्धे मिटलेले. माशी नाकावर बसली तरी हलायचा नाही. पहिले दोन दिवस मी बघितलं. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"मामा, झोपलास काय?"

"नाय."

"मग काय करतोस?"

"बसलोय."

"बसलायस ते मला दिसतंय. पण करतोस काय?"

"बसलोय," तो पुन्हा म्हणाला. "तू गवत काप."

मला लहानपणापासून खोड, गोष्ट उलगडून बघितल्याशिवाय चैन पडायची नाही. एकदा गावच्या शाळेतलं घड्याळ उघडून बघितलं म्हणून चौथीत मास्तरांनी घरी घालवलं ते कायमचं. तर मी त्याच्या मागेच लागलो. शेवटी कंटाळून म्हणाला, "ये, बस. श्वास येतो, बघ. श्वास जातो, बघ. झालं."

"एवढंच?"

"एवढंच करून दाखव."

मी बसलो. त्याने सांगितलं, बंदरावर बसतोस तसा बस. येणारं गलबत येऊ दे, जाणारं जाऊ दे, तू काठावर. मी ताडकन उठलो. म्हटलं, "बंदराचं नाव काढू नको माझ्यासमोर." त्याला आमच्या घरचं ठाऊक होतं, सगळ्या रत्नागिरीला ठाऊक होतं. तो चपापला. मग बोट करून विहिरीवरचा रहाट दाखवला. "मग तो बघ. भरलेला गाडगा वर येतो, रिकामा खाली जातो. तू मध्ये हात घालू नको."

आता याला ध्यान म्हणतात आणि मुंबईला त्याचे वर्ग चालतात असं माझा नातू सांगतो. पोमामाने त्याला नाव दिलं नव्हतं. मी देवभोळाही नव्हतो. मला फक्त हे यंत्र कसं चालतं ते बघायचं होतं, आणि बघण्यासारखं पुष्कळ निघालं. एका वेळी एकच नाकपुडी जोरात चालते, दुसरी आळशी, हे मला तेव्हा कळलं. आत येणारी हवा गार असते, बाहेर जाणारी कोमट. पायाला मुंग्या येतात आणि हललो नाही तर त्या आपोआप जातात. दहापर्यंत श्वास मोजायचे म्हटलं तर मी चारच्या पुढे कधी गेलो नाही, कारण चौथ्याला दादा यायचा. दादा म्हणजे दुःख असं काही मोठं नाही हो. त्याची टाच यायची. सकाळी तोंड धुताना तो घसा खाकरायचा तो आवाज यायचा. एकदा नुसता तेलाचा वास आला, इतका खरा की मी डोळे उघडून मागे बघितलं. गवताचे भारे होते.

मी पोमामाला म्हटलं, "श्वास बघायला बसतो आणि दादाच दिसतो."

"दिसू दे."

"मेला की हाय ते कळत नाय."

त्याने रहाटाकडे बघितलं. मग म्हणाला, "माझा आई. मी निघालो तेव्हा दारात उभा होता. हाय की गेला, मला ठाऊक नाय. पत्र नाय, माणूस नाय. चाळीस वर्षं. आधी रोज विचारायचो, हाय की नाय, हाय की नाय. डोकं फुटायचं. मग विचारायचं सोडलं. आता नुसता येतो. आला की बघतो."

कोजागिरीच्या दिवशी त्याने बागेतल्या खोपटाबाहेर दोन पणत्या लावल्या. त्यांच्याकडे त्या पुनवेला दिव्यांचा सण असतो म्हणे. दोन का, मी विचारलं. "एक, आई असला तर त्याला आयुष्य मिळावं म्हणून," तो म्हणाला. "एक, नसला तर त्याला वाट दिसावी म्हणून."

मी घरीही बसायला लागलो, गोठ्यामागे. लपून कसलं, म्हैस बघत होती आणि आई खंगल्यापासून म्हशीची धार काढायला येणारी गोदाकाकी. तिने मला डोळे अर्धे मिटून, तोंड उघडं टाकून बसलेला बघितलं आणि बोंब मारली, "अगो धाव गो! ह्याला बागेतलं काय तरी लागलं!" लगेच मीठ-मिरच्या आल्या, माझ्यावरून उतरल्या आणि चुलीत पडल्या. त्या धुराने मला असा ठसका लागला की काकी समाधानाने म्हणाली, "बघ, निघालं." आई दारात उभी होती. तिच्या ओठाला हसू आलं आणि गेलं. मे महिन्यापासून पहिलं.

आज हे लिहिताना घरात मी एकटा आहे. माझी बायको गेली त्याला तिसरा महिना. पंचावन्न वर्षांचा संसार. मुलगा म्हणतो, बाबा मुंबईला या. मी म्हणतो, तिथे बसू कुठे? तो म्हणतो, सोफ्यावर. जाऊ दे.

तर वाडीत धप्प-धप्प सुरू झालं. आईने एका सकाळी मला न सांगता चार शेर भात भिजत घातलं. दरवर्षी घालायची तेवढंच, तिघांचं. आणि तिसऱ्या दिवशी पडवी सारवून, वायन धुऊन, कुंपणापलीकडे हाक मारली, "गोदे, ये गो. खापर तापलंय."

गोदाकाकी आली नाही.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं असेल, त्या घराचं वायन दिवाळीला वाजत नाही. पोहे शेजारी देतात. ते ताट हातात देत नाहीत, दिवाळीचं म्हणत नाहीत, ओट्यावर ठेवतात आणि निघून जातात. रीत चांगली आहे. दुःखातल्या बाईला चुलीशी उभं राहावं लागू नये. पण ताट ओट्यावर ठेवलं म्हणजे वाडीने सांगितलं, की तुमच्या घरात मयत झालेलं आहे. वाडीतल्या जाणत्यांनी गोदाकाकीला बजावलं होतं, त्या घरात मुसळ धरू नको, आपण पोहे द्यायचे. सहा महिने झाले, आता कोणीतरी सांगायला हवं. आणि सांगायचं कोणी, तर शेजारणीने.

थोड्या वेळाने काकी आली. हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट. आईकडे न बघता तिने ते ओट्यावर ठेवलं आणि वळली.

"काय ते?" आई म्हणाली.

"पोहे."

"कोणाचे?"

"आमचेच गो."

"मग ओट्यावर कशाला ठेवतेस? हात मोडलेत माझे?"

काकी पदराचं टोक पिळत राहिली. तिची मान खाली.

"गोदे, वर बघ. माझ्या घरात कोण मेलंय, सांग. तोंडाने सांग."

"माझ्या तोंडून नको गो वदवून घेऊ," काकी म्हणाली आणि रडायलाच लागली. "मी त्याला खांद्यावर खेळवलाय."

"मग तुझ्या खांद्याला विचार!" असं ओरडून आईने ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं. गूळ घातलेले पोहे सगळीकडे पसरले. कोंबड्या धावल्या. काकी पदर तोंडात घालून घरी गेली.

आईने खापरातलं गरम भात वायनात ओतलं आणि एकटीने मुसळ उचललं. धप्प. मग मुसळ वर जाईपर्यंत रिकामं. धप्प. पुन्हा रिकामं. सगळ्या वाडीत जोडीचे आवाज आणि आमच्या घरचा हा एक लंगडा. मला ते ऐकवेना. मी दुसरं मुसळ उचललं. पुरुष पोहे कुटत नाहीत, मला काय ठोका येणार? दोन-चार वेळा मुसळं एकमेकांवर आपटली, पाचव्याला माझं मुसळ आईच्या अंगठ्याला घासून गेलं. ती ओरडली नाही. तिने वायनात हात घातला, वर काढला. मुठीत सगळा चुरा. भात निवलं होतं.

ती वायनाच्या कडेला बसली ती बसलीच. मला वाटलं, संपलं. आज ही इथेच संपणार. मी तिच्याशेजारी मांडी घातली आणि जे येत होतं तेच केलं. श्वास बघायला लागलो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गोठ्यामागे करतोस ते हेच काय रे, सख्या?"

"होय."

"काय बघतोस?"

"श्वास."

"तो काय बघायचा? येतो जातो आपला."

"तेच बघायचं. नाकाला आत जाताना गार लागतो."

मी तिरक्या डोळ्याने बघितलं. तिने डोळे मिटले नव्हते, पण तिची नाकपुडी हलत होती. शेजारच्या घरांतून धप्प-धप्प येत होतं. मुसळ वर, मुसळ खाली. माझा श्वास त्यात कधी मिसळायचा, कधी चुकायचा.

"मला यशाच दिसतो," ती म्हणाली.

"दिसू दे."

"बरा दिसतो. टाचांना तेल लावतोय." मग एकदम माझा हात धरून, "जिता हाय काय रे तो?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "मला ठाऊक नाय, आये."

"तुझ्या त्या बर्मी म्हाताऱ्याला ठाऊक असेल?"

"त्याला त्याची आई जिती की मेली ते पण ठाऊक नाय. चाळीस वर्षं."

आई माझ्याकडे बघायला लागली. "चाळीस? मग सणावाराला काय करतो तो?"

मी दोन पणत्यांचं सांगितलं. कुठली कशासाठी तेही. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग ती बोटाने वायनातला चुरा इकडून तिकडे करत राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. आधी अडखळत, मग लांब. रडली असं म्हणणार नाही मी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, एवढंच.

मग ती उठली. भिजवलेल्या भातातलं अर्धं अजून टोपलीत होतं. ते तिने कमरेवर घेतलं आणि कुंपणातून सरळ गोदाकाकीच्या पडवीत गेली. मी मागोमाग.

काकी चुलीपुढे बसली होती, घाबरून उठली.

"तुझ्या वायनात जागा हाय काय गो?" आई म्हणाली.

"आँ?"

"माझ्या घरचं वायन नको वाजायला, वाडीची रीत असेल ती असू दे. पण तुझ्या वायनाला कोणाची बंदी हाय काय? मुसळ दे. आणि खापर नीट तापव, मघाचे पोहे वातड होते तुझे."

"खाल्लेस कधी तू? कोंबड्यांना घातलेस मेले!"

"कोंबड्यांनीच सांगितलं."

काकी हसत होती की रडत, मला कळलं नाही. मी परत आलो, आमच्या अंगणातलं ताट उचललं, धुतलं. आणि मग पलीकडून आवाज आला. धप्प-धप्प, धप्प-धप्प. जोडीचा. मी ओट्यावर बसून तो ऐकला. त्या दिवशी पहिल्यांदा मी चारच्या पुढे गेलो. दहा झाले, पुन्हा एकपासून दहा झाले.

संध्याकाळी गोदाकाकीने ताट आणलं आणि रीतीप्रमाणे ओट्यावर ठेवलं. आई आतून आली, ताटाकडे बघितलं, बघत राहिली. मग उचलून आत नेलं. आईनेच कुटलेले पोहे शेजारून आमच्या घरी आले. तिने ते दोघांना वाढले, दूध-गूळ घालून, आणि माझ्यासमोर बसून खाल्ले. ताजे, गरम. दादाचं पान तिने त्या रात्रीही वाढलं, पण सकाळी ते म्हशीला घातलं आणि स्वतःसाठी वेगळा भात टाकला.

चतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. आईने दोन कारिटं आणून ठेवली होती. मी माझं फोडलं. दुसऱ्याकडे बोट करून विचारलं, "हे?" ती म्हणाली, "राहू दे." ते तिने फोडलं नाही आणि टाकलंही नाही. तुळशीच्या कट्ट्यावर वाळून गेलं. पुढे बारा वर्षं दर दिवाळीला एक कारीट तिथे वाळलं. दुपारी काम आटोपलं की ती वायनाच्या कडेला बसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "बसलेय." पोमामाला तिने उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, पण दरवर्षी त्याच्यासाठी पोहे माझ्या हाती द्यायची. त्याला दात नव्हते. ताकात भिजवून खायचा आणि म्हणायचा, "तुझा आई हुशार हाय."

माझ्या दुःखाचं हे असं नाही. माझ्या बायकोला मी स्वतः अग्नी दिला, मला सगळं ठाऊक आहे. तरी चौथ्या श्वासाला ती येते. तिच्या कमरेची किल्ली वाजते. ठाऊक असलं तरी यायचं ते येतंच, हे मला या वयात नवीन कळलं. पोमामाला विचारायला हवं होतं.

आज सकाळी समोरच्या घरातली सूनबाई आली. हल्लीच्या मुलींना ओट्याबिट्याचं ठाऊक नसतं. तिने डबा सरळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आजोबा, फराळ." मी तो टेबलावर ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडे बघत हे लिहीत बसलो. आता उघडला. चकली, शंकरपाळे आणि पातळ पोह्यांचा चिवडा. एक घास खाल्ला. मीठ जास्त झालंय. आमच्या हिने तोंडावर सांगितलं असतं तिला, आणि मग बसून सगळा खाल्ला असता. मी पण खातोय.